सतरा नंबरचं मशीन

ॲनिमेशन स्टुडिओवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे रंग आणि पात्रं होती. पुण्यातल्या त्या छोट्या स्टुडिओत मी रमलो मात्र मागच्या थंडगार खोलीत, 40 लिनक्स मशीनांच्या घरघरीत. हा रेंडर फार्म. कलाकारानं रचलेल्या दृश्यातला उजेड, सावल्या, केस, पाणी या सगळ्याचा हिशेब करून एकेक फ्रेम इथं तयार होते. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटाला 1,29,600. फ्रेमला एक तास धरला तर एकट्या मशीनला जवळपास 15 वर्षं लागतील.

1995 च्या ‘टॉय स्टोरी’साठी 117 मशीनं रात्रंदिवस चालली होती, 1,14,240 फ्रेमना 8 लाख मशीन-तास लागले. 1997 च्या ‘टायटॅनिक’साठी ‘डिजिटल डोमेन’नं शंभराहून अधिक मशीनं लिनक्सवर चालवली, आणि या धंद्यात लिनक्सवरचा विश्वास वाढला.

खोली सांभाळणाऱ्याला रेंडर रँग्लर म्हणतात. पुणेकराला रँग्लर म्हटलं की गणितातले रँग्लर परांजपे आठवणार. हा रँग्लर म्हणजे गुराखी, मशीनांचा कळप वळणारा. मला भेटलेला मुलगा इचलकरंजीचा, वडील यंत्रमागावर. ‘‘बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो, सर. माझं मशीन थांबत नाही, नुसतं रेंगाळतं. त्याचाच त्रास आहे,’’ तो म्हणाला.

त्या रात्री रेंगाळत होतं 17 नंबरचं. शेजारच्या मशीनवर 20 मिनिटांत होणारी फ्रेम त्याच्यावर 35 मिनिटं घ्यायची. पण नेहमी नाही. साध्या भिंतीचं दृश्य बरोबरीनं, जंगलाचं मागं. स्क्रीनवर कुठंही लाल खूण नाही; काम ‘पूर्ण’ म्हणूनच नोंदलं जात होतं.

त्यानं आधी तापमान पाहिलं. धूळ साचून प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. तसं नव्हतं. मग वीज वाचवण्याची सेटिंग, मग आधीच्या कामाची अडकून राहिलेली, कोअर खाणारी एखादी प्रोसेस. काहीच नाही. तीच फ्रेम पुन्हा चालवली, तर झरझर झाली!

मला वाटलं, बरं झालं. तो खूश झाला नाही. लिनक्स एकदा वाचलेली फाइल रिकाम्या मेमरीत धरून ठेवतो, दुसऱ्यांदा ती तिथूनच देतो. चाचणीच फसवी होती. त्यानं ती साठवण रिकामी करून फ्रेम तिसऱ्यांदा लावली. पुन्हा 35 मिनिटं. म्हणजे गणित ठीक होतं, माल उशिरा येत होता. त्या जंगलाची पानं, साली, माती यांची चित्रं मिळून 12 जीबी भरत, आणि ती मधल्या सर्व्हरवरून यायची.

मग त्यानं नेटवर्क कार्डाला वेग विचारला. उत्तर आलं: 100 मेगाबिट. हवा होता 1,000, म्हणजे एक गिगाबिट.

केबल त्यानं माझ्या हातात दिली. प्लगची कडी तुटलेली, आतली एक तपकिरी तार किंचित मागं सरकलेली. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, 100 मेगाबिटचं दोघींवर भागतं. एक जोडी निकामी झाली की कार्ड आणि स्विच आपसांत ठरवून खालच्या वेगावर येतात, तक्रार न करता. दोन मिनिटांत यायचे 12 जीबी 16-17 मिनिटं घेऊ लागतात. हलक्या दृश्याला फरक जाणवतही नाही.

हे शोधायला पहाटेचे चार वाजले. एरवी एवढं कोणी शोधत नाही, आणि मला काळजी वाटते ती याची. सकाळी शॉट द्यायचा असतो. मशीन रीस्टार्ट करायचं, काम दुसरीकडं ढकलायचं, पुढं जायचं. अहवालात जाते ती चाळीसांची सरासरी. तीत एका मशीनचा जादा पाव तास फ्रेममागे अर्ध्या मिनिटाहूनही कमी दिसतो, आणि ‘फार्म कमी पडतोय, नवी मशीनं घ्या’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्येक मशीनचा वेळ वेगळा लिहिणं आणि तीच एक ठरलेली फ्रेम आठवड्यातून एकदा, साठवण रिकामी करून, सगळ्यांवर चालवून बघणं एवढं जरी केलं तरी लाखोंची खरेदी टळू शकते. पण त्या कामाला वेळापत्रकात जागा नाही.

केबल बदलल्यावर 17 नंबरनं जंगल 20 मिनिटांत दिलं. मग त्यानं उरलेल्या 39 मशीनांनाही वेग विचारला. आणखी दोन 100 वर चालत होती. कधीपासून, ते सांगता येईना. नोंदी 30 दिवसांच्याच ठेवल्या जात होत्या, आणि त्या 30 दिवसांत दोन्ही हळूच होती.