फोटोतला झुला थांबलेला का असतो?

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या बपेऱ्याच्या भागात या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात. गावं एकमेकांच्या तारखा सांभाळून मंडई भरवतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक आणि मैदानात झुला, म्हणजे चाकासारखा गोल फिरणारा पाळणा. सासरी गेलेल्या लेकी, लग्नाच्या बोलण्यांसाठी आलेले सोयरे, सगळे तिथं भेटतात. म्हणूनच या भागातल्या जुन्या अल्बममध्ये झुल्याचा फोटो सापडला, तर तो केवळ करमणुकीचा राहत नाही. एरवी एका चौकटीत न येणारी माणसं त्यात शेजारी बसलेली असतात.

असे फोटो नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते: चेहरे स्पष्ट असतील, तर झुला बहुतेक थांबलेला असतो. याचं कारण कॅमेऱ्यात आहे. एकेकाळी वडोदऱ्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री हा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा होता. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो निघत; शटरचा वेग एकच, बदलता न येणारा. पाळणा सेकंदाला दोन मीटर सरकत असेल आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात चेहरा चार सेंटिमीटर पुढे जातो. डोळे, नाक, हसू, सगळं पुसट. फोटो काढणारा म्हणूनच माणसं चढण्या-उतरण्याच्या क्षणाची वाट पाही.

त्या क्षणात झुल्याचं सगळं तंत्र दिसतं. हाताने फिरवायच्या लाकडी पाळण्यात समोरासमोरचे पाळणे जोडीने भरावे लागतात, नाहीतर एक बाजू जड होते. वजनाचा तोल साधला की फिरवणारी पोरं दांड्यांवर चढून स्वतःच्या अंगाच्या भाराने चाक खाली ओढतात. ही रीत फार जुनी. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी पुढे १६२८ मध्ये सुरतेला आला; त्याआधी १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्हला त्याने माणसांनी फिरवलेली अशी चाकं पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. जॉर्ज फेरिसचं २६४ फूट उंच, वाफेवर फिरणारं चाक शिकागोत उभं राहिलं ते १८९३ साली. झुल्याच्या इतिहासात नाव त्याचं झालं. चाक ओढणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, आणि मला हे फार सलतं. कौटुंबिक फोटोतही ते कडेला, अर्धे कापलेले असतात.

कडेकडे पाहा, असं मी म्हणेन. पुसट झालेला पाळणा, भिऊन दांडी आवळलेली बोटं, खाली उभी राहून, मान वर करून पाहणारी आजी. ती हलत नव्हती म्हणून तिच्या लुगड्याचे काठसुद्धा नीट उमटलेत.

घरात असे फोटो असतील तर अल्बममधून ओरबाडू नका. आधी पानासकट मोबाइलने टिपून घ्या. कोण कुठे बसलंय, कोणत्या गावची मंडई, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. निगेटिव्ह सापडली तर तीही जपा. सहा सेंटिमीटरच्या त्या चौकोनात छोट्या प्रिंटपेक्षा पुष्कळ जास्त तपशील असतो, आणि प्रिंट करताना कडेची कापली गेलेली माणसंही त्यात असू शकतात.