जर्मनीतला आठवडा (५) : नदी नसलेली गावं

उल्मच्या चर्चच्या ७६८ पायऱ्या या आठवड्यात चढायचं ठरलं होतं. नाही चढणार. गुडघे वाचले म्हणून मला आनंद झालाय असं समजू नका, पण दोन वाचकांनी वाटेत गाठलं आणि त्यातल्या दुसऱ्याने तर माझ्या वर्मावरच बोट ठेवलं.

पहिला प्रश्न लातूरहून, हायडेलबर्गच्या पिंपाबद्दल. ‘सर, दोन लाख वीस हजार लिटर दारू म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर येत नाही.’ अहो, लातूरकराच्या डोळ्यांसमोर नाही तर कुणाच्या येणार? २०१६चा उन्हाळा आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १२ एप्रिलला, दहा वाघिणींची. पाच लाख लिटर पाणी, म्हणजे वाघिणीमागे पन्नास हजार. हायडेलबर्गचं जगप्रसिद्ध पिंप म्हणजे साडेचार वाघिणी! पहिल्या गाडीच्या निम्म्यालाही ते पुरत नाही. राहिला चवीचा मुद्दा. त्या पिंपात शेतकऱ्यांनी कर म्हणून आणून घातलेली सगळ्या मळ्यांची दारू एकत्र होत असे. कर म्हणून कुणी आपली चांगली दारू देईल का? ज्यांनी लेव्हीची ज्वारी घातली किंवा खाल्ली आहे त्यांना यावर जास्त सांगायला नको.

दुसरे गृहस्थ नवीन नांदेडचे. त्यांनी फोनवर नमस्कारानंतर लगेच विचारलं, ‘हायडेलबर्ग झालं, उल्म येणार, मग मधे कार्ल्सरुहेत दीड दिवस कशाला घालवला? तिथं काय आहे? आणि तुम्हा लातूरकरांना कुठंही गेलं तरी गोलाईच कशी आठवते हो?’ पहिल्या भागात मी गोलाईचा, म्हणजे लातूरच्या मधल्या गोल बाजारपेठेचा, ओझरता उल्लेख केला होता, तो त्यांनी चार आठवडे जपून ठेवला होता. आता दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असल्यामुळे उल्मला थांबावं लागेल.

कार्ल्सरुहेत पाहण्यासारखं फार नाही, हे कबूल. हायडेलबर्गसारखा पडका किल्ला नाही, जुना पूल नाही. माझ्या बायकोने स्टेशनबाहेर येताच विचारलं, “नदी कुठंय?” ती नांदेडची. गाव म्हटलं की तिला आधी नदी लागते. ऱ्हाईन आहे, पण पश्चिमेला काही किलोमीटरवर. गावाच्या मधून काहीही वाहत नाही. “मग बसवलं कशाला इथं?” ती म्हणाली. माझ्या मते सबंध आठवड्यात विचारला गेलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

बसवलं ते एका माणसाच्या हट्टापायी. कार्ल विल्हेल्म हा बाडेन-डुर्लाखचा संस्थानिक. त्याची गादी जवळच्या डुर्लाखला. ते गाव १६८९ मध्ये फ्रेंच फौजेने जाळलं. पुन्हा बांधताना राजाला हवा होता प्रशस्त वाडा, आणि गावकरी आपली जुनी वळणं सोडायला तयार नव्हते. (हा प्रसंग आपल्याकडे रस्तारुंदीच्या नोटिसा निघाल्यावर दर वेळी घडतो. फरक इतकाच की आपले नगराध्यक्ष रागावून दुसरं गाव वसवायला जात नाहीत.) कार्ल गेला. १७ जून १७१५ रोजी त्याने जवळच्या जंगलात एका अष्टकोनी मनोऱ्याचा पाया घातला आणि त्या मनोऱ्यातून चारी दिशांना ३२ रस्ते काढले. दंतकथा अशी की शिकारीत दमून तो झाडाखाली झोपला आणि स्वप्नात त्याला सूर्याच्या किरणांसारखं पसरलेलं शहर दिसलं. गावाच्या नावाचा अर्थही कार्लचा विसावा. मला स्वप्नापेक्षा डुर्लाखकरांशी झालेलं भांडण जास्त खरं वाटतं.

३२ पैकी २३ रस्ते उत्तरेला जंगलात गेले, शिकारीला. उरलेले ९ दक्षिणेला, त्यांवर गाव वसलं. नकाशात ते उघडलेल्या हातपंख्यासारखं दिसतं, म्हणून जर्मन लोक त्याला पंख्याचं गाव म्हणतात. पण नुसते रस्ते आखून माणसं येत नाहीत. म्हणून कार्लने जाहीरनामा काढला : घर बांधायला जागा फुकट, लाकूड फुकट, काही वर्षं करमाफी आणि ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू दे. त्या काळात, त्या मुलखात ही शेवटची सवलत सगळ्यांत मोठी. मात्र घर बांधायचं ते राजाने ठरवून दिलेल्या नमुन्याप्रमाणे. हौस मोठी, पण शिस्तही तशीच. ट्यूलिपच्या फुलांचं त्याला विलक्षण वेड होतं, आणि त्याच्या बागेतली हजारो ट्यूलिप्स तो कलाकारांकडून रंगवून घेत असे. त्याची कबर आज भर बाजारचौकात आहे, एका लहानशा लाल दगडी पिरॅमिडखाली. आम्ही पोहोचलो तेव्हा पिरॅमिडच्या कट्ट्याला टेकून एक मुलगा शांतपणे भजीसारखं काहीतरी खात बसला होता.

१७८८ मध्ये अमेरिकेचा थॉमस जेफरसन इथून गेला. पुढे १७९१ मध्ये वॉशिंग्टनची आखणी करणाऱ्या लाँफाँ या इंजिनिअरला त्याने युरोपातल्या शहरांचे जे नकाशे पाठवले, त्यांत कार्ल्सरुहेचाही होता.

आता गोलाई. नांदेडकर, तुम्ही कितीही चिडा.

मी तेहेतीस वर्षं लातुरात भूगोल शिकवला. दर वर्षी सहावीच्या वर्गात ‘वसाहतींचे प्रकार’ आला की फळ्यावर आधी वर्तुळ काढायचो आणि त्यातून सोळा रेघा. कुणालाही सांगावं लागत नसे की हे काय आहे. आराखडा नगररचनाकार फय्याजुद्दीन यांचा, असं लातूरकर सांगत आलेत. मधली दुमजली गोल इमारत १९१७ची, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ, आणि सभोवती सोळा रस्ते. दिल्लीचं कनॉट प्लेस यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी पुरं झालं, हे मी वर्गात दर वर्षी सांगायचो आणि अजूनही सांगतो.

१९१७ साली लातूर निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. राजधानी नाही, जिल्हाही नाही, किल्ला नाही (किल्ला औशाला), नदीही नाही. मांजरा आहे ती गावाबाहेर, लांबून जाते. पण १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी लाईन लातूरपर्यंत आली होती. ज्या गावाला ना नदी ना राजा, त्याला आगगाडी मिळाली की ते काय करणार? बाजार मांडणार. आणि मधोमध मांडणार.

माझा मुद्दा एवढाच आहे. नदीकाठच्या गावाला मध्य काढावा लागत नाही. नांदेडच बघा ना. गोदावरी आहे, घाट आहेत, सचखंड गुरुद्वारा आहे. शेकडो वर्षं माणसं नदीकडे उतरत राहिली आणि गल्ल्या आपोआप तशा वळल्या. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीसाठी रस्ते रुंद झाले, पण गाव कुठे जायचं ते विसरलं नाही. हायडेलबर्गही तसंच, नेकार नदी आणि डोंगर यांच्या मधे लांबट झोपलेलं. तिथे कंपास घेऊन बसायची कुणाला गरज पडली नाही. कंपास लागतो तो कार्ल्सरुहेला आणि लातूरला. फरक फक्त टोक कुठे रोवलं याचा. कार्लने ते स्वतःच्या मनोऱ्यात रोवलं, म्हणजे प्रत्येक रस्त्यावरून राजा दिसावा आणि राजाला प्रत्येक रस्ता. लातूरने रोवलं देवीच्या दारात आणि भोवती दुकानं लावली.

आणि दुकानं कशी! सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन, चपला एका रस्त्यावर, मिरची-मसाला एका. लहानपणी मला वडिलांबरोबर डोळे मिटून चालता येत असे. नव्या चामड्याचा वास आला की उजवीकडे, मग खाट लागून शिंक आली की मिरचीची गल्ली, आणि गुळाच्या ढेपा लागल्या की अंगावर गांधीलमाशा. ढेपेवर भिजवलेलं तरट टाकलेलं असे, त्यालाही माशा चिकटलेल्या. गुळाचे व्यापारी हाताने ढेप फोडून बोटभर तुकडा चाखायला देत. तेवढ्यासाठी मी शाळा बुडवून बाजाराला गेलेलो आहे.

एक गंमत मात्र मला कार्ल्सरुहेत जाईपर्यंत सुचली नव्हती. प्लॉट घेताना आपण विचारतो ना, गोमुखी आहे की वाघमुखी? समोर अरुंद, मागे रुंद तो गोमुखी, राहायला चांगला. समोर रुंद, मागे निमुळता तो वाघमुखी, धंद्याला चांगला. आता चाकाचा विचार करा. मधल्या गोल इमारतीतलं दुकान बाहेर तोंड करून असतं. वर्तुळाचा बाहेरचा घेर मोठा, आतला लहान, म्हणजे ते वाघमुखी झालं. त्याच्या समोर, चौक ओलांडून, आत तोंड केलेलं दुकान मात्र आऱ्यांच्या रेषेत कापलं तर समोर अरुंद आणि मागे पसरट. गोमुखी! म्हणजे शास्त्राप्रमाणे अर्ध्या गोलाईने धंदा करावा आणि अर्ध्या गोलाईने संसार. शंभर वर्षं झाली, समोरच्या रांगेतल्या कुणी दुकान बंद करून बिऱ्हाड थाटल्याचं मला तरी माहीत नाही. कार्ल्सरुहेत वाड्यासमोरच्या कमानीखाली उभा राहून मी हे बायकोला समजावत होतो, तेव्हा तिने पर्समधून गोळी काढून मला दिली. बीपीची वेळ झाली होती.

चाकासारख्या गावाची खोड एकच. मध्यावर झालेली लहान चूक काठावर मोठी होते. ३२ रस्ते म्हणजे दोन रस्त्यांत सव्वाअकरा अंश. मनोऱ्यापाशी शेजारचा रस्ता चार पावलांवर, पण एक किलोमीटर गेलात की दोघांत दोनशे मीटर, तीन किलोमीटरवर सहाशे. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर किती वेळा करून दाखवला असेल! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यामागच्या जंगलात फिरायला गेलो तो मीच शेजारच्या वाटेला लागलो.

भाचा तिथल्या विद्यापीठात शिकतो. (लातूर पॅटर्नचाच. हाइनरिख हर्ट्झने १८८०च्या दशकात विद्युत्-चुंबकीय लहरी याच शिक्षणसंस्थेत दाखवून दिल्या, हे त्याने आम्हाला स्टेशनवर सामान उचलायच्या आत सांगितलं.) तो नऊ वाजता तळ्यापाशी भेटणार होता. आम्ही सव्वानऊपर्यंत चाललो. तळं नाही. दोन्ही बाजूंना सारखीच उंच झाडं, सारखाच सरळ रस्ता, अधूनमधून सायकलवरून जाणारं एखादं माणूस. बायको बोलायची थांबली, म्हणजे प्रकरण गंभीर. फोन लावला.

“मामा, मागं वळून बघा. झाडांच्या मधून मनोरा दिसतो का?”

दिसत होता. सरळ रस्त्याच्या टोकाला, अंगठ्याएवढा.

“मग कुठं वळू नका. मनोऱ्याकडं तोंड करा अन् चालत राहा. मी तिथं येतो.”

मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. नवरात्रात गोलाईला पाय ठेवायला जागा नसायची. गावाकडून एसटीने आलेलो, मी सात-आठ वर्षांचा. वडील माझं मनगट धरून दर वर्षी तेच सांगायचे : “चुकलास तर कुठंबी पळू नको. गोलाईकडं तोंड कर अन् चालत ऱ्हा. देवीच्या दारात बस, मी येतो.” एकदा चुकलोही. फुगेवाल्याच्या मागे गेलो आणि भलत्याच लाईनला लागलो. दारात बसून राहिलो, कुणीतरी हातावर साखरफुटाणे ठेवले, ते संपायच्या आत वडील आले. मारलं नाही. चप्पल तुटली होती तिला तिथेच टाका घालून घेतला.

हे सगळं मी बायकोला मनोऱ्याकडे चालता चालता सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आमच्या नांदेडला एवढं काही शिकवावं लागत नाही. उतार लागला की नदी.”

नवीन नांदेडच्या वाचकांना आता समाधान वाटायला हरकत नाही. त्यांचा आणखी एक प्रश्न बाकी आहे, तो मानहाइमचा. त्या गावात जुन्या भागातल्या रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा, आपल्या संभाजीनगरच्या सिडकोत एन-५, एन-७ असतं तसं. तिथे आम्ही पोस्टाची पेटी शोधत कसे फिरलो ते सांगायला एक अख्खा भाग लागेल. तो उल्मनंतर. उल्मच्या पायऱ्या पुढच्या आठवड्यात, गुडघ्याला पट्टा बांधून.