नगरपरिषद

लहान व मध्यम आकाराच्या शहरांचा स्थानिक कारभार पाहणारी, प्रौढ मतदारांनी निवडून दिलेल्या सदस्यांची वैधानिक संस्था. मोठ्या शहरांसाठी महानगरपालिका, ग्रामीण क्षेत्रासाठी ग्रामपंचायत आणि या दोहोंच्या मधल्या शहरांसाठी नगरपरिषद, अशी महाराष्ट्रात सर्वसाधारण विभागणी आहे. ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपात संक्रमण करीत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत असते. बोलीभाषेत नगरपरिषदेस अद्याप ‘नगरपालिका’ असेच म्हटले जाते.

इतिहास : भारतातील पहिली नगरसंस्था १६८८ मध्ये मद्रास येथे स्थापन झाली. इलाख्यांच्या राजधान्यांबाहेरील शहरांना मात्र १८५० च्या २६ व्या अधिनियमापर्यंत वाट पाहावी लागली. या अधिनियमान्वये रहिवाशांनी मागणी केल्यास नगरपालिका स्थापन करता येई व तिला अप्रत्यक्ष कर बसविता येत. मुंबई इलाख्यात त्याचा विशेष लाभ घेण्यात आला. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने बिनसरकारी व निर्वाचित सदस्यांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यापुढे १८८४ व १९०१ चे जिल्हा नगरपालिका अधिनियम आणि १९२५ चा नगरपालिका बरो अधिनियम मुंबई इलाख्यात संमत झाले. विदर्भात १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम व मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा अधिनियम लागू होता. हे निरनिराळे कायदे रद्द करून संपूर्ण राज्यासाठी ‘महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५’ करण्यात आला व तो १९६७ मध्ये अंमलात आला. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३) नागरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळाले. त्यानुसार पाच वर्षांची मुदत, अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग या तरतुदी झाल्या. बाराव्या अनुसूचीत या संस्थांकडे सोपविता येतील असे अठरा विषय दिले आहेत. महिलांसाठीचे किमान एकतृतीयांश आरक्षण महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्यापर्यंत वाढविले.

रचना : लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग केले आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि चाळीस हजारांपर्यंतच्या ‘क’ वर्गात मोडतात. सदस्यांना नगरसेवक म्हणतात. निवडून आलेल्या सदस्यांखेरीज काही नामनिर्देशित (स्वीकृत) सदस्य असतात; त्यांना चर्चेत भाग घेता येतो, परंतु मतदानाचा अधिकार नसतो. नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी करावी की नगरसेवकांनी, याविषयी राज्याचे धोरण वारंवार बदलले आहे. २०१६ मध्ये स्वीकारलेली थेट निवडणुकीची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये ती पुन्हा स्वीकारण्यात आली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा व सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असा प्रसंग या पद्धतीत उद्भवू शकतो. सभागृहाने निवडलेल्या नगराध्यक्षास, उलटपक्षी, आपले बहुमत सतत सांभाळावे लागते.

प्रशासनाची धुरा मुख्याधिकाऱ्याकडे असते. तो राज्य शासनाचा अधिकारी असून त्याची नेमणूक व बदली शासन करते. मात्र ठरावांची अंमलबजावणी त्याला परिषदेसाठी करावयाची असते. या दुहेरी उत्तरदायित्वामुळे पदाधिकारी व प्रशासन यांच्यात प्रसंगी ताण निर्माण होतो. बेकायदेशीर अथवा लोकहितास बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे.

सभेचे कामकाज : धोरणविषयक निर्णय सर्वसाधारण सभेत होतात. सभेची सूचना विषयपत्रिकेसह सदस्यांना आगाऊ द्यावी लागते. मुख्याधिकारी कार्यालयीन टिपणीसह विषय मांडतो; त्यावर सूचना, अनुमोदन, उपसूचना व चर्चा होऊन बहुमताने ठराव संमत होतो. कामकाजाचे इतिवृत्त लिहून ते पुढील सभेत कायम केले जाते. सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिःसारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण इ. विषयांसाठी समित्या असतात. त्यांचे सभापती व नगराध्यक्ष मिळून मुख्यतः स्थायी समिती बनते. बराचसा तपशील समित्यांत ठरतो. तथापि सभागृहातील चर्चेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. विरोधी मत नोंदविले जाणे, हेच पुष्कळदा अल्पसंख्य सदस्याचे एकमेव साधन असते. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १,००० रु. खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांचे मत होते. ठराव संमत झाला, पण त्यांचा विरोध इतिहासात नोंदला गेला.

ठराव व अंमलबजावणी यांतील अंतर महाडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. परंतु प्रत्यक्षात पाणी भरण्यास कोणी धजले नाही. २० मार्च १९२७ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खाजगी असल्याचा दावा काही सवर्णांनी न्यायालयात दाखल केला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची पुरातन प्रथा सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. सार्वजनिक सेवा कोणासाठी, हा प्रश्न एका लहान शहराच्या सभागृहातून उच्च न्यायालयापर्यंत गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

नगरविकास : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण असते. तिने शहराची विकास योजना तयार करून प्रारूप प्रसिद्ध करावयाचे, नागरिकांच्या हरकती व सूचना मागवून नियोजन समितीमार्फत त्यांची सुनावणी करावयाची व योजना शासनाच्या मंजुरीसाठी पाठवावयाची, असा क्रम आहे. योजनेत रस्तारुंदी, शाळा, क्रीडांगणे, भाजीमंडई, वाहनतळ इत्यादींसाठी जमिनी आरक्षित करतात. आरक्षण नकाशावर दाखविणे सोपे, पण जमीन ताब्यात घेण्यास पैसा लागतो. दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो. त्यापुढे २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली न गेल्यास आरक्षण व्यपगत होते. अशा रीतीने क्रीडांगण वा वाहनतळ यांची जागा शहराच्या हातून कायमची जाते. सभागृहात या विषयावर होणारी दिरंगाई म्हणूनच निरुपद्रवी नसते. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा मार्ग कायद्याने उपलब्ध केला आहे. पण जमिनीला फारसा भाव नसलेल्या लहान शहरात त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण असते.

वाहनतळ : जुन्या शहरांच्या पेठा व आळ्या पादचारी आणि बैलगाड्या यांच्या मापाच्या आहेत. दुचाकी व मोटारगाड्यांची संख्या वाढल्यापासून बाजारपेठ, बसस्थानक व आठवडे बाजार यांच्या परिसरात उभ्या वाहनांचा प्रश्न तीव्र झाला आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार एका मोटारीसाठी २·५ × ५ मी., म्हणजे १२·५ चौ. मी., तर दुचाकीसाठी १ × २ मी. जागा धरतात. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात. त्यामुळे अरुंद रस्त्यावर कोणत्या वाहनाला किती जागा द्यावी, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

उपाय अनेक आहेत : सम-विषम तारखांना रस्त्याच्या एकाच बाजूस वाहने उभी करणे, एकेरी वाहतूक, सशुल्क वाहनतळ, नव्या इमारतींत वाहनांच्या जागेची सक्ती व त्या जागेचे दुकानांत रूपांतर होऊ न देणे. प्रत्येक उपायात कोणाचा तरी तोटा असतो. दुकानदारास दारासमोर गिऱ्हाइकाचे वाहन हवे असते, फेरीवाल्यास तीच जागा उपजीविकेसाठी लागते व पादचाऱ्यास चालावयास वाट हवी असते. पथविक्रेत्यांना २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने संरक्षण दिले असल्याने त्यांना हटवून वाहनांना जागा करणे हा सरळ मार्ग उरलेला नाही. शिवाय अधिकार विभागलेले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक संस्थेचा विचार घेतला जातो. पण वाहनचालकांवरील कारवाई पोलिसांकडे असते. वाहतूक पोलिसांचे साहाय्य नसल्यास नगरपरिषदेचा ठराव फलकापुरताच राहतो. रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानी निराळा मार्ग अवलंबिला आहे. तेथे मोटारगाड्यांना प्रवेश नसून त्या गावाबाहेर दस्तुरी नाका येथे उभ्या कराव्या लागतात.

सार्वजनिक सेवा व अर्थव्यवस्था : दिवाबत्ती, रस्ते व गटारे यांची सफाई, पाणीपुरवठा, अग्निशमन, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद इ. कर्तव्ये आवश्यक, तर उद्याने, नाट्यगृहे यांसारखी स्वेच्छाधीन होत. काही लहान संस्थांनी या क्षेत्रात उल्लेखनीय काम केले आहे. सातारा जिल्ह्यातील मलकापूर येथे नगरपंचायत असतानाच २०१० च्या सुमारास मीटरनुसार आकारणी करून चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड, सासवड व लोणावळा यांनी पहिले तीन क्रमांक मिळविले.

उत्पन्नाची मुख्य साधने मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, परवाना शुल्क व शासकीय अनुदाने ही आहेत. पूर्वी जकात हा उत्पन्नाचा मोठा स्रोत होता. नगरपरिषद क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द होऊन तिच्या जागी सहायक अनुदान आले. नाक्यांवरील खोळंबा त्यामुळे टळला, पण संस्थांचे शासनावरील अवलंबित्व वाढले. मालमत्ता कराची चतुर्थ वार्षिक आकारणी करवाढीच्या भीतीने सभागृहात नेहमीच वादग्रस्त ठरते. मतदारांचा रोष टाळण्यासाठी ती पुढे ढकलली गेल्यास सेवांचा खर्च भागत नाही.

प्रशासकीय कालखंड : मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, अशी घटनात्मक तरतूद आहे. तथापि नागरिकांच्या मागासवर्गाचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या वादांमुळे २०२१-२२ नंतर महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. त्यांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये होऊन २१ डिसेंबर रोजी मतमोजणी झाली. मधल्या काळात कर, विकास योजना व ठेके यांसंबंधीचे निर्णय झालेच. परंतु त्यांवर निर्वाचित सदस्यांची खुली चर्चा झाली नाही. निर्णय त्वरेने होणे हा कारभाराचा एक गुण आहे. मात्र ज्याच्या घरावर रस्तारुंदीची रेषा पडते वा ज्याच्या नळास पाणी येत नाही, त्याला जाब विचारण्यासाठी जवळचा प्रतिनिधी असणे, हे नगरपरिषदेच्या अस्तित्वाचे मूळ कारण होय.