माहिती फुटली? लाज आपली नव्हे

आधारची झेरॉक्स, रक्ताचे रिपोर्ट, बँक खाते. यातले काही बाहेर फुटले की झोप उडते, छाती धडधडते. घरात सांगायचीही लाज वाटते. लाज कसली? माहिती सांभाळणे ज्याने ती घेतली त्याचे काम होते. घरच्यांना आधी सांगा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, बँकेला लेखी कळवा, पोच जपा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक ना बँकेची ना तुमची आणि ३ कामकाजी दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र अवघड.

भरपाईचा दावा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करता येतो. फार थोड्यांना हे ठाऊक आहे. झोप येतच नसेल तर टेली-मानस, १४४१६, मोफत, मराठीतून.