बियाणं खायचं नसतं : संपत्ती जमल्यानंतरच्या काटकसरीविषयी सहा गैरसमज

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण कापसाने सार्थ केली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. भाव असे चढले, की कापूस पिकवणाऱ्या मुलखाने तोवर न पाहिलेला पैसा पाहिला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअरबाजारातला फुगाही फुटला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसं अन्नाला महाग झाली. पैसा येणं आणि पैसा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या मातीने फार आधी घेतला आहे.

आज अमरावती-अकोल्यात आणखी एका वाटेने पैसा जमतो आहे. वीस-पंचवीस वर्षं नेमाने एसआयपी भरणारे शिक्षक, भविष्य निर्वाह निधीला हात न लावणारे कर्मचारी, अडतीचा नफा शेअर-म्युच्युअल फंडांत वळवणारे व्यापारी यांच्यापैकी अनेकांच्या खात्यावर आज त्यांच्या वडिलांनी कधी कल्पनाही केली नसेल एवढी रक्कम आहे. ती कशी जमवावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. जमल्यानंतर खर्चाची सवय कशी असावी, याविषयी मात्र घरोघरी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १ : पैसा असूनही साधा राहणारा माणूस कंजूष असतो.

वस्तुस्थिती : कंजूष माणूस गरजेलाही पैसा सोडत नाही. काटकसरी माणूस बिनगरजेचा खर्च टाळतो आणि महत्त्वाच्या कामाला हात आखडत नाही.

हा फरक समजून घ्यायला वऱ्हाडाला बाहेर जावं लागत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांच्या अंगावर ठिगळांचं वस्त्र असे आणि जेवायला फुटकं गाडगं. त्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडलं. याच माणसाने लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. लग्नासाठी, सणासाठी, तेरवीसाठी कर्ज काढू नका, पण पोराला शाळेत घाला, असं ते कीर्तनातून कळवळून सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. गाडगेबाबा गुंतवणूकदार नव्हते. पण स्वतःवरचा खर्च आणि कामावरचा खर्च यांचे दोन हिशेब कसे ठेवावेत, हे त्यांच्याइतकं स्पष्ट फार थोड्यांनी दाखवलं.

गुंतवणुकीच्या जगातलं उदाहरण अझीम प्रेमजी यांचं. विमानात इकॉनॉमी वर्गाने जाणारा, वर्षानुवर्षं साधी मोटार वापरणारा उद्योगपती म्हणून ते ओळखले गेले. मार्च २०१९ मध्ये त्यांनी विप्रोतल्या ३४ टक्के शेअरचं उत्पन्न समाजकार्यासाठी कायमचं वळतं केलं. त्या शेअरची तेव्हाची किंमत सुमारे ५२,७५० कोटी रुपये होती. त्यांनी आपल्या फाउंडेशनला दिलेल्या एकूण संपत्तीचा आकडा त्यामुळे १ लाख ४५ हजार कोटींवर गेला. या माणसाला कंजूष म्हणता येणार नाही.

गैरसमज २ : श्रीमंती एखाद्या नशीबवान शेअरने येते, काटकसरीचा तिथे काय संबंध?

वस्तुस्थिती : शेअर घेणं एका दिवसाचं काम असतं, तो चाळीस वर्षं न विकणं ही रोजच्या खर्चाची परीक्षा असते.

अकोल्याहून भुसावळ आणि तिथून सुरत मार्गावर गेलं, की जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर लागतं. १९४५ साली महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हे त्या कंपनीचं नाव, आजची विप्रो ती हीच. गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये वडील वारले, तेव्हा २१ वर्षांच्या अझीम यांना अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून कारभार हाती घ्यावा लागला.

त्या शेअरचं पुढे काय झालं, ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. १९९७ च्या बोनसआधी हाती असलेला एक शेअर घ्या. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळून तो ३ झाला. १९९९ मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याचे २ रुपयांत विभाजन झालं आणि ३ चे १५ झाले. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन बोनस, म्हणजे ४५. २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८००. शंभर शेअर सांभाळणाऱ्याकडे आज ८० हजार शेअर असतील. एकाची किंमत २५० रुपये धरली, तर ते २ कोटी होतात. वाटेत मिळालेला लाभांश वेगळाच.

पण हे ८०० त्यालाच दिसले, ज्याला मधल्या काळात लग्नापायी, गाडीपायी, नव्या बंगल्यापायी ते विकावे लागले नाहीत. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपर्यंत गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांखाली बंद झाला होता. अशा पडझडीत ज्याच्या घराचा खर्च पगारात किंवा शेतीत भागतो, तो शांत बसू शकतो. हप्ते थकलेल्या माणसाला पडेल भावात विकावं लागतं.

याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. अकोल्यातली सावतराम रामप्रसाद मिल एकेकाळी शहराची शान होती. ती १९७४ साली राष्ट्रीयीकरणात गेली आणि पुढे बंद पडली. चिकाटीने धरून ठेवलेला प्रत्येक कागद सोनं होतोच असं नाही. म्हणूनच सगळा पैसा एका कंपनीत ठेवू नये. विप्रोची गोष्ट ऐकून तर मुळीच नाही.

गैरसमज ३ : कोट-दीड कोट जमले, आता हात सैल सोडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : किती जमले यापेक्षा वर्षाला किती लागतात, यावर ते किती पुरतील हे ठरतं.

समजा, अमरावतीच्या साईनगरात एक घर आहे आणि अकोल्याच्या जठारपेठेत दुसरं. दोन्हींकडे ५८ व्या वर्षी दीड कोट जमलेले आहेत. पहिल्या घराचा महिन्याचा खर्च ४५ हजार, दुसऱ्याचा १ लाख. दोघांनाही गुंतवणुकीवर सरासरी ९ टक्के परतावा मिळतो आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढते असं धरू. दुसऱ्या घराचा पैसा साधारण १५ वर्षांत, म्हणजे पंचाहत्तरी गाठण्याआधीच संपतो. पहिल्या घराचा पन्नास वर्षांहून अधिक पुरतो. जमा रक्कम सारखीच, परतावा सारखाच. फरक फक्त सवयीचा.

विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक नियोजकाने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून मांडलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईइतकी वाढ केली, तर पैसा ३० वर्षं पुरतो. हा हिशेब अमेरिकेचा आहे. आपल्याकडे महागाई सरासरीने जास्त राहिली असल्याने हात त्याहून थोडा आवरताच बरा.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना हे गणित वेगळ्या रूपात ठाऊक होतं. ज्वारी घरी आली, की चांगली दाणेदार कणसं आधी बाजूला निघत. त्यांचा दाणा राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचा आणि तोंड शेणामातीने लिंपायचं. उन्हाळ्यात कणगी खाली झाली, घरात चणचण भासली, तरी त्या मडक्याला हात लागत नसे. पुढच्या मृगाचं पेरणं त्यात असे. गुंतवणुकीतलं मुद्दल म्हणजे ते मडकं.

गैरसमज ४ : काटकसर म्हणजे चहा आणि भाजीवर कात्री.

वस्तुस्थिती : रोजचा २० रुपयांचा चहा सोडला, तर वर्षाला ७,३०० रुपये वाचतात. १० लाखांचं मोटारकर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता १६ हजारांवर जातो आणि निव्वळ व्याजच साडेतीन लाख भरावं लागतं. घासाघीस कोथिंबिरीच्या जुडीवर करायची आणि गाडी मात्र दर पाच वर्षांनी बदलायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

आपल्याकडे सगळ्यात मोठं भगदाड लग्नाचं. लॉन, रोषणाई, हजार माणसांची पंगत, आंदण. गरजेपलीकडचे १५ लाख त्यात गेले असं धरू. हीच रक्कम नवरा-नवरीच्या नावे गुंतवून सरासरी १० टक्के वाढली, तर २० वर्षांत ती १ कोटीच्या घरात जाते. महागाई वजा केली, तरी आजच्या किमतीत ती तीस लाखांहून अधिक भरते.

एक खर्च तर डोळ्यांना दिसतही नाही. म्युच्युअल फंडात जानेवारी २०१३ पासून ‘डायरेक्ट’ योजना आहेत. त्यांत मध्यस्थाचं कमिशन नसतं. नेहमीच्या योजनांशी तुलना केली, तर काही ठिकाणी खर्चातला हा फरक वर्षाला टक्क्याच्या आसपास जातो. १ कोटी रुपये २० वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर ६ कोटी ७३ लाख होतात, ९ टक्क्यांनी वाढले तर ५ कोटी ६० लाख. एका टक्क्याची किंमत १ कोटीहून जास्त! सल्लागाराची गरज असेल, तर त्याची फी जरूर द्यावी. पण किती देतो आहोत, हे माहीत असावं.

गैरसमज ५ : काटकसरी माणसाने विमा-बिम्यावर पैसे घालवू नयेत आणि जिथे व्याज जास्त, तिथे ठेव ठेवावी.

वस्तुस्थिती : ही काटकसर सगळ्यात महाग पडते. मोठ्या आजारपणात नागपूर गाठावं लागलं, तर एका खेपेत अनेक वर्षांची बचत जाऊ शकते. आरोग्यविम्याचा हप्ता हा पुंजीभोवतीचा कुंपणाचा खर्च आहे.

ठेवींचंही तेच. बँक बुडाली, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक बँकेमागे एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. दीड टक्का जादा व्याजासाठी आयुष्याची कमाई एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्याने हे आधी वाचावं.

ट्रंकेत जपलेल्या कागदी शेअर सर्टिफिकेटांचीही एक अडचण आहे. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालं आहे. विकायचे असतील तर आधी डिमॅट करावे लागतात. आणि सलग ७ वर्षं लाभांश उचलला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते परत मिळवता येतात, पण खटाटोप मोठा आहे. डिमॅट खात्याचे वर्षाचे काहीशे रुपये वाचवण्यात फायदा नाही.

गैरसमज ६ : काटकसर म्हणजे मरेपर्यंत खर्चच करायचा नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरोत रोनाल्ड रीड नावाचा माणूस राहत असे. आधी पेट्रोलपंपावर, मग दुकानात सफाई कामगार. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याच्याकडे सुमारे ८० लाख डॉलर निघाले. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन तो नुसता थांबला होता. त्यातले ४८ लाख डॉलर त्याने गावच्या रुग्णालयाला आणि १२ लाख ग्रंथालयाला ठेवले. गोष्ट मोठी आहे, पण तिच्यातून चुकीचा धडा घेतला जातो. कोटाला सेफ्टी पिन लावून फिरणं हा रीडचा स्वभाव होता; तो सगळ्यांसाठी नियम होऊ शकत नाही.

खात्यावर दीड कोट असताना गुडघ्याचं ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकलणारी आई किंवा मोतीबिंदू पिकू देणारे वडील काटकसर करत नाहीत. ते स्वतःवर अन्याय करतात. पैशाने जिथे दुखणं थांबतं, नातवाचं शिक्षण होतं, गावच्या शाळेला वर्गखोली मिळते, तिथे तो खर्चायलाच हवा. मडक्यातलं बियाणं जपायचं ते पेरण्यासाठी.

दिवाळीनंतर कापसाचा चुकारा हाती येऊ लागेल, तुळशीच्या लग्नानंतर लॉनच्या तारखा धरल्या जातील. त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वहीत तीन आकडे लिहावेत : वर्षाचा खरा खर्च, त्याची पंचवीस पट (४ टक्क्यांच्या हिशेबाने लागणारी किमान पुंजी) आणि आज हाती असलेली रक्कम. त्याखाली प्रत्येक खात्यावर, फंडावर आणि शेअरवर नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे, तेही लिहावं. जिथे नाव नसेल, तिथला नामांकनाचा अर्ज त्याच आठवड्यात भरून द्यावा.