लहानथोरांचा कॅप्टन मार्व्हल

मुलाच्या दप्तरांत चित्रकथेचें पुस्तक सांपडलें कीं बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. प्रथम तें जप्त होतें. आणि मग रात्रीं, निजानीज झाल्यावर, ज्यांनीं तें जप्त केलें तेच वडील दिव्याजवळ बसून तें शेवटपर्यंत वाचून काढतात. पालकांनीं रागावूं नये. शिक्षकांच्या खोलींतही याहून निराळें घडत नाहीं. लहानांसाठीं काढलेल्या या पुस्तकांत थोरांसही धरून ठेवणारें असें काय असतें, याचा विचार करण्यास आम्ही एकच उदाहरण घेतों. तें अमेरिकेंतील कॅप्टन मार्व्हलचें. अलीकडील चित्रपटांतील त्याच नांवाच्या वीरांगनेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. आमचा नायक आज शझॅम या नांवानें ओळखला जातो.

हा नायक १९४० च्या प्रारंभीं फॉसेट या प्रकाशनसंस्थेच्या 'व्हिझ कॉमिक्स' मासिकांत अवतरला. त्याची कथा बिल पार्कर यांनीं लिहिली व चित्रें सी. सी. बेक यांनीं काढिलीं. बिली बॅट्सन हा पोरका मुलगा रस्त्यावर वर्तमानपत्रें विकतो आणि रात्रीं भुयारी रेल्वेच्या स्थानकावर निजतो. एक अनोळखी मनुष्य त्यास भूमीच्या पोटांत एका वृद्ध जादूगाराकडे घेऊन जातो. बिलीनें 'शझॅम' हा शब्द उच्चारतांच वीज कडाडते आणि त्याच्या जागीं तांबड्या पोशाखांतील एक धिप्पाड पुरुष उभा राहतो. त्या शब्दाचीं सहा इंग्रजी अक्षरें म्हणजे सहा नांवांचीं आद्याक्षरें होत: पवित्र शास्त्रांतील शलमोन राजाचें शहाणपण, हर्क्युलिसचें बळ, अ‍ॅटलसचा दमदारपणा, झ्यूसचें सामर्थ्य, अकिलिसचें धैर्य आणि मर्क्युरीची चपळता. यांत शहाणपण पहिलें व बळ दुसरें आहे, ही गोष्ट शाळामास्तरांस विशेष गोड वाटते, हें आम्ही लपवीत नाहीं.

सुपरमॅन याच्या आधीं, १९३८ मध्यें, आला होता; परंतु तो पडला परग्रहावरचा. आपण त्याच्यासारखे होऊं अशी आशा कोणत्या मुलानें धरावी? बिली मात्र वर्गांतील शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलासारखा आहे. लहान मुलाचें मोठें दुःख हेंच कीं तें लहान आहे. त्यास कोणी विचारीत नाहीं, आणि निर्णय सारे डोक्यावरून होतात. एका शब्दासरशीं मोठें होतां आलें तर! प्रौढ वाचक हीच गोष्ट उलट दिशेनें वाचतो. त्यास दिसतें तें हें कीं, या बलदंड देहांत एक मुलगा दडलेला आहे, आणि तोच शब्द पुन्हां उच्चारला कीं तो परत येतो. एकच चित्र, पण मूल त्यांत आपलें उद्यांचें रूप पाहतें आणि बाप आपलें कालचें. १९४० नंतरच्या दशकांत कांहीं काळ या नायकाच्या मासिकाचा खप सुपरमॅनच्याही पुढें गेला, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

कथालेखक ऑटो बाइंडर यांनीं ही दुहेरी वाट पुष्कळ पुढें नेली. १९४३ पासून १९४५ पर्यंत चाललेल्या एका क्रमशः कथेंत जगावर राज्य करूं पाहणारा एक दुष्ट प्रथम केवळ आवाजानें वावरतो. वाचक थरथरतात, आणि मग कळतें कीं हा महादुष्ट म्हणजे चष्मा लावणारा एक इवलासा किडा आहे! मुलें पोट धरून हंसलीं असतील. महायुद्धाच्या त्या दिवसांत थोरांस दुसरेंही कांहीं सुचलें असेल.

आमच्या मतें याहून सरस पात्र म्हणजे १९४७ मध्यें आलेला टॉनी नांवाचा वाघ. तो कोट-पाटलोण घालतो, माणसासारखें बोलतो, आणि माणसांतच राहावें एवढीच त्याची इच्छा असते. एका कथेंत तो घर घेतो, तेव्हां वाघ शेजारीं नको म्हणून आजूबाजूचे लोक त्याच्याविरुद्ध उठतात. मुलास कोट घातलेला वाघ पुरे आहे. पण ज्या गृहस्थास आडनांव सांगतांच 'खोली कालच दिली' असें उत्तर मिळालें असेल, त्यास ही गोष्ट नुसती गमतीची वाटेल काय? लेखकानें येथें उपदेशाचा एक शब्दही घातलेला नाहीं. घातला असता तर दोघांनींही पुस्तक मिटलें असतें.

अशीं पुस्तकें मुलांस केवळ बळाची पूजा शिकवितात, असा एक आक्षेप आहे. तो कित्येक पुस्तकांस लागूही पडतो. म्हणून जप्तीपूर्वीं पालकांनीं तें पुस्तक स्वतः वाचावें. तिसऱ्या पानावर आपणांस जांभई आली तर मुलासही तें फार दिवस पुरणार नाहीं. आणि मुलास जवळ घेऊन मोठ्यानें वाचण्याचा संकोच वाटला तर तें त्याच्या हातीं तूर्त देऊं नये. ही दुसरी कसोटी अलीकडे फार उपयोगाची झाली आहे. १९८६ मध्यें 'वॉचमेन' व 'द डार्क नाइट रिटर्न्स' या मालिका निघाल्या. त्या कसबी आहेत, पण लहानांसाठीं नव्हेत. आणि त्यांच्यामागून निघालेल्या पुष्कळ पुस्तकांनीं त्यांचें कसब सोडून काळोख तेवढा उचलला. परिणाम असा कीं नायकाचें चित्र मुलाच्या दप्तरावर असतें आणि त्याची कथा मात्र मुलानें वाचण्याजोगी नसते.

याच्या उलट टोकाची चूक कॅप्टन मार्व्हलच्याच वांट्यास आली. सुपरमॅनच्या प्रकाशकांनीं नक्कल केल्याचा आरोप ठेवून १९४१ मध्यें फिर्याद केली होती. ती १९५३ मध्यें तडजोडीनें मिटली आणि फॉसेटनें हीं मासिकें बंद केलीं. वीस वर्षांनीं, १९७३ मध्यें, त्याच प्रतिस्पर्धी संस्थेनें हा नायक पुन्हां छापण्यास घेतला. मधल्या काळांत मार्व्हल संस्थेनें त्या नांवाचा आपला निराळा नायक काढला होता, म्हणून मासिकाचें नांव 'शझॅम' ठेवावें लागलें. चित्रें काढण्यास वृद्ध बेक यांसच बोलाविण्यांत आलें. तोच पोशाख, तीच स्वच्छ रेषा. पण हातीं येणाऱ्या कथा त्यांस पोरकट वाटूं लागल्या. मुलांसाठीं म्हणून मुद्दाम हलकें लिहिलेलें त्यांस रुचेना, आणि सुमारें दहा अंकांनंतर त्यांनीं तें काम सोडून दिलें.