मोटारीच्या बॉनेटाचे टेकू

गेल्या पौषांत रिसोड रस्त्यावर आम्ही आपल्या जुन्या मोटारींत पाणी घालीत असतां बॉनेट एकाएकीं खालीं येऊन आमच्या मनगटावर आदळलें. दोष आमचाच, दुबळ्या टेकूंस तुराटीचा आधार देऊन आम्ही दोन महिने ढकलले होते. सबब अशी गाडी बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंसाठीं हा खुलासा.

मिस्त्री ज्यास शॉकर म्हणतात, त्या नळींत नायट्रोजन वायु मोठ्या दाबानें कोंडलेला असून थोडें तेल असतें. तोंडाचें रबरी सील झिजलें म्हणजे वायु हळूहळू निसटतो. थंडींत दाब आणखी उतरतो. उष्णमान ४० अंशांवरून १० अंशांवर आलें कीं सुमारें एक दशांश. म्हणून उन्हाळ्यांत तग धरणारें बॉनेट हिवाळ्याच्या पहांटे कोसळतें.

प्रथम बॉनेटाखालीं बाभळीचा भक्कम दांडका द्यावा व एका माणसास तें धरावयास लावावें. नळीची लांबी मोजून व तीवरील न्यूटनचा आंकडा पाहून तशीच जोडी आणावी. एकच बदलल्यास भार एकीकडे जाऊन बॉनेट पिळवटतें. टोकाची पोलादी चिमटी पेचकसानें किंचित् उचलून नळी गोल खुंटीवरून ओढावी. एक नवी बसल्यावरच दुसरीस हात घालावा. बॉनेट मिटल्यावर दांडी खालच्या बाजूस राहावी, म्हणजे तेलानें सील ओलें राहतें. दांडीस पक्कड लावूं नये.

जुनी नळी फोडूं नये, विस्तवांत टाकूं नये. आंतील दाब जिवावर बेततो.

मनगटामुळें आमची तुरीची कापणी मजुरांवर सोडावी लागली. नवी जोडी त्या मजुरीहून स्वस्त पडली असती.